सातासमुद्रांपलीकडचा श्रोता

इंग्रजी वाचता येते, थोडेफार लिहिता येते, कानावर पडले तर अर्थही लागतो; परंतु बोलण्याची वेळ आली की जीभ अडखळते. अशी अवस्था आपल्या देशात असंख्य लोकांची आहे. त्यांत शाळा मध्येच सोडावी लागलेले आहेत, तसेच पदवी घेतलेलेही आहेत. नोकरीच्या मुलाखतीत, बँकेत, विमानतळावर किंवा मुलांच्या शाळेतील पालकसभेत ही मंडळी मान डोलावून वेळ निभावून नेतात आणि घरी आल्यावर, काय बोलायला हवे होते ते त्यांना नेमके आठवते. या अडखळण्याचे कारण बुद्धीत नसते. पुष्कळदा शब्दसंग्रहातही नसते. तबल्याचे बोल तोंडपाठ झाले म्हणून हात चालू लागत नाही, त्यासाठी तबल्यावर बसावेच लागते. भाषेचेही तसेच आहे. फरक एवढाच, की तबला एकट्याला वाजवता येतो; बोलण्याला मात्र समोर ऐकणारा लागतो.

हा ऐकणारा मिळणे हीच खरी अडचण होती. गावात किंवा वस्तीत इंग्रजी बोलणारे कोणी नसते. दोन मित्रांनी ‘आजपासून आपण इंग्रजीतच बोलू’ असा निश्चय केला, तरी दोन मिनिटांत हसू फुटते आणि गाडी पुन्हा मायबोलीवर येते. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याच्याशी मराठीत सहज बोलता येते, त्याच्याशी मुद्दाम परक्या भाषेत बोलणे हे नाटक ठरते, आणि नाटकात गरज नसते. मनिला, अंकारा किंवा साओ पावलो येथे बसलेल्या माणसाशी बोलताना मात्र ही गरज आपोआप उत्पन्न होते, कारण दोघांना जोडणारी दुसरी भाषाच नसते.

या गरजेचे महत्त्व भाषाशास्त्रज्ञांच्या लक्षात आले ते काहीसे उशिरा. कॅनडामध्ये 1965 पासून इंग्रजीभाषक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. अनेक वर्षे फ्रेंच ऐकून ही मुले ती उत्तम समजू लागली. बोलताना मात्र त्यांच्या वाक्यांत चुका राहत. मेरिल स्वेन या विदुषीने 1985 मध्ये त्याचे कारण मांडले. ऐकताना माणूस ओळखीच्या चार शब्दांवरून अर्थाचा अंदाज बांधतो, वाक्याच्या रचनेकडे त्याला पाहावे लागत नाही. बोलताना मात्र रचना स्वतःच करावी लागते, आणि तेव्हाच आपल्याला काय येत नाही हे कळते. त्याच सुमारास मायकेल लाँग यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. ऐकणाऱ्याला समजले नाही की तो ‘म्हणजे काय?’ असे विचारतो. मग बोलणारा तेच निराळ्या शब्दांत सांगतो, सोपे करतो, उदाहरण देतो. ही अर्थाची घासाघीस म्हणजेच शिकण्याची सर्वांत सुपीक जागा होय. थोडक्यात, न समजणे हा संभाषणातील अपघात नव्हे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो लाभाचा क्षण असतो.

दूरच्या आवाजाच्या साहाय्याने इंग्रजी शिकण्याची कल्पना तशी जुनी आहे. ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. बीबीसीने 1943 मध्ये रेडिओवरून इंग्रजीचे धडे देण्यास प्रारंभ केला. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने 1959 मध्ये सुमारे दीड हजार शब्दांत, संथ गतीने वाचलेल्या बातम्या सुरू केल्या आणि आशिया-आफ्रिकेतील कितीतरी लोकांनी त्यांवर आपला कान तयार केला. परंतु ही सर्व साधने एकतर्फी होती. रेडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही. दुतर्फी मार्ग निघाला तो युरोपात. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात 1963 मध्ये मैत्रीचा करार झाला. दोन्ही देशांतील तरुणांना एकत्र आणण्यासाठी जी शिबिरे भरू लागली, त्यांत एक फ्रेंच आणि एक जर्मन अशा जोड्या लावण्यात येत. निम्मा वेळ एकाची भाषा, निम्मा वेळ दुसऱ्याची. दोघांसाठी बनवलेल्या जोड-सायकलीवरून या पद्धतीला ‘टँडेम’ असे नाव पडले. 1990 नंतर अशा जोड्या ई-मेलवरून जुळू लागल्या.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले 15 ऑगस्ट 1995 रोजी, आणि इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास परवानगी मिळाली 1 एप्रिल 2002 पासून. पुढच्याच वर्षी ‘स्काइप’ आले आणि दोन संगणकांमधील संभाषण जवळजवळ फुकट झाले. परदेशी फोन लावताना सेकंद मोजण्याची सवय असलेल्या पिढीला हे अद्भुतच वाटले. स्काइप मे 2025 मध्ये बंद झाले. तोवर त्याचे काम करणारी इतर साधने प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये येऊन बसली होती.

या साधनाचा भारतात झालेला एक प्रयोग सविस्तर सांगण्याजोगा आहे. संगणकतज्ज्ञ सुगत मित्रा यांनी 1999 मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे आपल्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसवला आणि शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी तो खुला ठेवला. मुले आपापसांत विचारविनिमय करून तो चालवू लागली. त्यानंतर काही काळाने त्यांनी हैदराबादमधील मुलांना बोललेले शब्द टंकलिखित करणारा संगणक दिला. मुलांच्या इंग्रजीवर तेलुगूची गडद छाया होती. त्यामुळे पडद्यावर भलतेच शब्द उमटत. ‘या यंत्राला तुमचे बोलणे समजेल असे काहीतरी करा’ एवढेच मुलांना सांगण्यात आले. काही आठवड्यांत त्यांचे उच्चार लक्षणीय सुधारले. शिकवायला तेथे कोणी नव्हते. न समजणारा एक श्रोता मात्र होता.

यंत्रापेक्षा माणूस अर्थातच अधिक चांगला श्रोता. 2009 मध्ये ब्रिटनमधील ‘गार्डियन’ या वृत्तपत्राद्वारे असे आवाहन करण्यात आले, की आठवड्यातून एखादा तास ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी भारतातील मुलांशी स्काइपवर गप्पा माराव्यात. प्रतिसाद देणाऱ्यांत निवृत्त शिक्षिकांचा भरणा होता. म्हणून या उपक्रमाला ‘ग्रॅनी क्लाउड’, म्हणजे आजींचा मेघ, असे लाडके नाव मिळाले. पुढे त्यात पुरुष आले, तरुण आले, तरी नाव तेच राहिले. या आज्यांनी व्याकरण शिकवायचे नव्हते. गोष्टी सांगायच्या, चित्रे दाखवायची, मुले काय म्हणतात ते ऐकायचे आणि आजी नातवंडांचे करते तसे कौतुक करायचे, एवढेच त्यांचे काम होते. मित्रा यांना 2013 मध्ये दहा लाख डॉलरचा ‘टेड’ पुरस्कार मिळाला, त्यातून भारतात पाच आणि इंग्लंडमध्ये दोन प्रयोगकेंद्रे उभारली गेली. भारतातील पाचांपैकी एक होते सातारा जिल्ह्यातील फलटण येथे.

या प्रयोगांची स्तुती जितकी झाली, तितकीच चिकित्साही झाली, आणि ती योग्यच होती. पायल अरोरा या संशोधिकेने उत्तराखंडमधील अल्मोडा भागात जाऊन पाहिले, तेव्हा भिंतीतले संगणक बंद पडलेले आढळले. त्यांची आठवणही लोकांच्या मनातून पुसट होत चालली होती. यंत्र बसवून निघून गेले की शिक्षण आपोआप घडते, हा समज भाबडा आहे. वीज, दुरुस्ती, ठरलेली वेळ आणि त्या वेळी हजर राहणारे माणूस या रुक्ष गोष्टींवरच असे उपक्रम तगतात. पडद्यावर दिसणाऱ्या आजीचे खरे सामर्थ्य तंत्रज्ञानात नव्हते, दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी येण्यात होते.

आता प्रश्न असा, की जगभरच्या या गप्पांत भेटते तरी कोण? अनेकांच्या मनात लंडनचा साहेब असतो. प्रत्यक्षात भेट होते ती बहुधा तुर्कस्तानच्या परिचारिकेशी, ब्राझीलच्या अभियंत्याशी किंवा व्हिएतनामच्या विद्यार्थ्याशी. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी 1985 मध्ये इंग्रजीचे तीन वर्तुळांत वर्णन केले. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश. मधल्या वर्तुळात भारत, नायजेरिया, फिलिपाइन्स यांसारखे, जेथे इंग्रजी सत्तेबरोबर आली आणि मुक्कामाला राहिली. आणि बाहेरच्या, सतत वाढत्या वर्तुळात चीन, जपान, ब्राझील यांसारखे बाकीचे देश. आज इंग्रजी बोलणाऱ्यांत, ती मातृभाषा नसलेल्यांचीच संख्या कितीतरी जास्त आहे. तेव्हा अशा संभाषणात दोन्ही बाजूंना शिकाऊ माणसे असणे ही उणीव नव्हे. जगातील बहुतांश इंग्रजी अशीच बोलली जाते.

प्रत्येकाच्या इंग्रजीत त्याचे घर ऐकू येते. अरबी भाषेत ‘प’ नाही, म्हणून तेथील माणसाचे ‘पार्किंग’ पुष्कळदा ‘बार्किंग’ होते. कोरियन माणूस ‘फ’च्या जागी ‘प’ उच्चारतो. जपानी कानाला ‘र’ आणि ‘ल’ यांतील भेद अवघड जातो. स्पॅनिश बोलणारा ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणतो, आणि ते ऐकून उत्तर भारतातील ‘इस्कूल’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मग उच्चाराबाबत किती काळजी करावी? जेनिफर जेनकिन्स यांनी याच प्रश्नाचा अभ्यास करून 2000 मध्ये एक महत्त्वाचे पुस्तक लिहिले. निरनिराळ्या मातृभाषांचे लोक आपापसांत इंग्रजी बोलतात तेव्हा गैरसमज नेमके कोठे होतात, हे त्यांनी तपासले. इंग्रजांचे ते जिभेचे टोक दातांत धरून उच्चारायचे वर्ण, ज्यांच्या जागी आपण ‘थ’ आणि ‘द’ म्हणतो, त्यांच्यावाचून कोणाचेही अडत नाही, असे त्यांना आढळले. परंतु आपण ज्यांकडे दुर्लक्ष करतो अशा काही गोष्टींमुळे अर्थाचा अनर्थ होतो. त्यांतील तीन गोष्टी मराठी बोलणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्याव्यात.

पहिली ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत आपण लिहिताना वेलांट्यांचा हिशेब ठेवतो, पण बोलताना त्यांना फारसे मोजत नाही. शुद्धलेखनात गुण गमावलेल्या कोणालाही हे पटेल. इंग्रजीत मात्र ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. स्वर आखूड झाला की कळपच समुद्रात जातो. दुसरी गोष्ट श्वासाची. शब्दाच्या आरंभी असलेल्या ‘प’, ‘ट’, ‘क’ यांबरोबर इंग्रज माणूस हवेचा लहानसा झोत सोडतो. आपण तो सोडत नाही. त्यामुळे आपण उच्चारलेला ‘पॅक’ त्याच्या कानाला ‘बॅक’ वाटू शकतो. ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरावी. शब्द उच्चारताना ती हलली तर श्वास बरोबर सुटला. तिसरी गोष्ट ‘व’ची. आत घालायची बंडी ‘व्हेस्ट’ आणि पश्चिम दिशा ‘वेस्ट’ हे दोन शब्द मराठीत आपण वेगळे लिहितो, म्हणजे आपल्या लेखणीला हा भेद ठाऊक आहे. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो आणि दातांचा संबंध येत नाही. लेखणीला माहीत असलेले ओठांना शिकवायचे, एवढेच काम उरते.

मराठी माणसाजवळ एक जमेची बाजूही आहे. ‘जग’ हा शब्द पाहावा. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, लेखन एकच, पण पहिल्यातला ‘ज’ तालव्य आणि दुसऱ्यातला दंततालव्य. हा बारीक भेद मराठी कान लहानपणापासून ओळखतो. त्यामुळे इंग्रजीतील ‘झू’सारख्या शब्दांचे उच्चार त्याला इतर अनेकांपेक्षा लवकर साधतात.

व्याकरणाच्या चुकांची भीती उच्चारांहूनही मोठी असते आणि ती बरीचशी अनाठायी आहे. व्हिएन्ना विद्यापीठात बार्बरा साइडलहोफर यांच्या नेतृत्वाखाली, मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांच्या संभाषणांचा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह करण्यात आला. ‘तो जातो’ यासारख्या वाक्यांत क्रियापदाला लावायचा ‘स’ राहून गेल्याने समजण्यात अडथळा येत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. परीक्षेत हाच ‘स’ गुण घालवतो, हे खरे. म्हणून लिहिताना त्याची आठवण ठेवावी, बोलताना त्याच्यासाठी वाक्य अडवून धरू नये.

खरा गोंधळ होतो तो भारतीय इंग्रजीतील काही खास प्रयोगांमुळे. ‘मी 2005 मध्ये पास आउट झालो’ असे अभिमानाने सांगणारा भारतीय, परदेशी श्रोत्याच्या दृष्टीने त्या वर्षी बेशुद्ध पडलेला असतो. ‘आउट ऑफ स्टेशन’ म्हटले की त्याला रेल्वेचे स्थानक आठवते. लाख आणि कोटी ही मापे दक्षिण आशियाबाहेर चालत नाहीत. ‘युवर गुड नेम’ हे तर ‘शुभनाम’चे भाषांतर, ऐकणारा क्षणभर विचार करतो, की आपले वाईट नाव कोणते असावे. हे प्रयोग चुकीचे म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. आपल्या देशात ते सर्वांना समजतात. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ते खुलासेवार सांगावे लागतात.

विनयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठीत ‘पाणी द्या’ असे म्हटले की त्या ‘द्या’मध्येच आदर सामावलेला असतो, ‘दे’ आणि ‘द्या’ यांतील अंतर आपल्याला सांगावे लागत नाही. तेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की आदराचे रूप वाटेतच गळून पडते आणि उरते ती निव्वळ आज्ञा. म्हणून इंग्रजीत ‘प्लीज’ आणि ‘कुड यू’ यांचा आधार घ्यावा लागतो. उलटपक्षी, आपण घरच्या माणसांचे उठसूट आभार मानत नाही. तसे मानले तर परकेपणा वाटतो. इंग्रजीत ‘थँक यू’ न म्हणणारा माणूस मात्र तुटक वाटतो. पगार किती, लग्न झाले का, मुले किती, हे आपल्याकडचे आपुलकीचे प्रश्न अनेक देशांत पहिल्या भेटीत विचारले जात नाहीत. हवामान, जेवणातले पदार्थ, सण आणि कामाचा दिवस हे विषय सर्वत्र चालतात.

याखेरीज एक अडचण अशी आहे, की ती भाषेची नसून तारांची असते. परंतु शिकणारा तिचा दोष स्वतःकडे घेतो. इंटरनेटवरून आवाज पाठवताना त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे प्रवास करतो आणि पलीकडे ते पुन्हा ओळीत लावले जातात. या सर्वांना वेळ लागतो. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. आता मानवी स्वभाव पाहावा. दहा भिन्न भाषांच्या संभाषणांचा 2009 मध्ये अभ्यास झाला, तेव्हा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी केवळ 200 मिलिसेकंद जातात असे दिसले. याहून अधिक वेळ लागला, की समोरचा कचरतो आहे किंवा त्याला आवडलेले नाही, असा अर्थ आपले मन परस्पर लावते. जाण्यायेण्याचा विलंब मिळून ही मर्यादा दूरच्या संभाषणात सहज ओलांडली जाते. शिकणाऱ्याला वाटते, ‘माझे बोलणे त्यांना कंटाळवाणे झाले’. प्रत्यक्षात त्याचे वाक्य अजून समुद्राखालच्या तारेतच असते. तेव्हा दूरच्या माणसाशी बोलताना वाक्य पूर्ण करून मनातल्या मनात ‘एक’ म्हणावे आणि मगच शांततेचा अर्थ लावावा.

आवाजाच्या दर्जाचेही असेच आहे. जुन्या दूरध्वनीवर केवळ 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच कंपनांचा आवाज पोहोचत असे. ‘स’ हा वर्ण बराचसा त्याच्या वर असल्यामुळे फोनवर ‘स’ आणि ‘फ’ सारखेच ऐकू येत. इंटरनेटवरील संभाषणात याहून विस्तृत आवाज पोहोचू शकतो. त्यासाठी बाजारातला साधा इअरफोन पुरतो. मात्र तो अवश्य वापरावा. चित्राशिवाय केवळ आवाजाच्या अर्ध्या तासाला साधारणतः पंधरा-वीस मेगाबाइट डेटा लागतो. चित्र सुरू केले की खर्च दहापट किंवा त्याहूनही वाढतो. डेटा तुटपुंजा असेल तर पहिली दोन मिनिटे चेहरा पाहून घ्यावा आणि मग चित्र बंद करावे.

घड्याळाचाही विचार करावा लागतो. भारतात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा टोकियोत मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात, जाकार्तात साडेदहा, इस्तंबूलमध्ये साडेसहा, तर साओ पावलो येथे दुपारचे साडेबारा. म्हणजे नोकरी आटोपून रात्री मोकळ्या होणाऱ्या भारतीयाला पश्चिमेकडचे सोबती सोयीचे आणि पहाटे उठणाऱ्याला पूर्वेकडचे. लंडनशी असलेले अंतर उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असते, कारण तेथे वर्षातून दोनदा घड्याळे पुढेमागे करतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस कितीतरी भेटी यामुळेच हुकतात.

पैसे देऊन बोलण्याचा सराव घेण्याचा व्यवसायही मोठा आहे. जपानी लोक 2007 पासून फिलिपाइन्समधील शिक्षकांशी पंचवीस-पंचवीस मिनिटांचे पाठ घेऊ लागले. चीनमध्ये अमेरिकी शिक्षकांकडून मुलांना शिकवण्याचा धंदा इतका फोफावला, की 2021 मध्ये सरकारने परदेशांतून दिल्या जाणाऱ्या या शिकवण्यांवर बंदी घातली. अलीकडे तर माणसाऐवजी संगणकीय प्रणालीशीही बोलता येते. ती थकत नाही, हसत नाही, पहाटे तीन वाजताही तयार असते. ज्याला चारचौघांत तोंड उघडण्याचीच लाज वाटते, त्याने पहिले काही दिवस तिच्याशी बोलण्यास हरकत नाही. मात्र ती आपले मोडकेतोडके बोलणेही पटकन समजून घेते, आणि हैदराबादच्या मुलांना ज्या न समजण्याचा लाभ झाला, तो तेथे कमीच मिळतो.

अनोळखी माणसांशी संबंध येतो तेथे फसवणुकीलाही वाव असतो. तिचा एक ठरलेला साचा आहे. परदेशी ‘मित्र’ काही आठवडे गोड बोलतो, मग महागडी भेट पाठवल्याचे सांगतो. काही दिवसांनी ‘आपले पार्सल विमानतळावर सीमाशुल्क विभागाने अडवले आहे, सोडवण्यासाठी पैसे भरा’ असा फोन येतो. पार्सल कधीच अस्तित्वात नसते. संभाषणाच्या सोबत्याला घरचा पत्ता, बँकेचे तपशील, मोबाइलवर आलेला संकेतांक किंवा खासगी छायाचित्रे देण्याचे कोणतेही कारण नाही. संभाषण नकोसे वळण घेऊ लागले तर ते तेथेच थांबवावे. त्यासाठी इंग्रजीत क्षमा मागण्याचीही आवश्यकता नाही. फसवणूक झालीच, तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर होईल तितके पैसे परत मिळणे अवघड होते.

सराव प्रत्यक्ष कसा करावा, याला फार नियम नाहीत. विषय आधी ठरवावा, कारण ‘काय चालले आहे?’ या प्रश्नावर सुरू झालेले संभाषण तिसऱ्या मिनिटाला संपते. ‘तुमच्याकडे लग्नात काय वाढतात?’ या प्रश्नावर अर्धा तासही अपुरा पडतो. समोरचा चुकला की त्याला अडवू नये. त्याचेच वाक्य नीट करून आपल्या उत्तरात सहज उच्चारावे. संभाषण संपल्यावर अडलेले दोन-तीन शब्द वहीत लिहावेत. वीस लिहिले तर वही बंदच राहते. आणि सोबती एकच असावा, निदान महिनाभर. रोज नव्या माणसाला आपले नाव, गाव आणि व्यवसाय सांगत राहिले, तर वर्षभर तेवढेच बोलता येते.

टँडेम पद्धतीत आणखी एक गोष्ट घडते. इंग्रजीचा अर्धा तास घेतल्यावर आपला अर्धा तास द्यावा लागतो. मराठी शिकू पाहणारे परदेशात आहेत का, अशी शंका कोणी घेईल. मॉरिशस या हिंदी महासागरातील बेटावर एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी महाराष्ट्रातून मजूर नेण्यात आले. त्यांचे वंशज आज घरी क्रियोल बोलतात, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात आणि त्यांतील काही जण ऐच्छिक विषय म्हणून मराठीही शिकतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्ययन होते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अवघे दीड तास मागे. इंग्रजी त्यांना सरावाची, मराठी आपल्याला. प्रत्येकाजवळ दुसऱ्याला हवे ते आहे.

अशा वेळी भूमिका पालटतात. अर्धा तास अडखळत बोलणारा माणूस पुढचा अर्धा तास शिक्षक होतो, मग त्याचे शिक्षण सातवीला का सुटलेले असेना. समोरची व्यक्ती विचारते, ‘मी भूक लागलो’ असे का म्हणत नाहीत? ‘मला भूक लागली’ असेच का? खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी, हे कोणी ठरवले? जन्मभर बिनचूक बोलत आलेल्या माणसालाही उत्तर सुचत नाही. तो घटकाभर थांबतो, मग दुसरे उदाहरण देऊन पाहतो, ‘मला तहान लागली, मला झोप आली’, आणि पलीकडून, तारेच्या विलंबानंतर, तेच वाक्य हळूहळू उच्चारलेले ऐकू येते.